दिवेआगरच्या पाण्यात तुम्ही दोघी

वसू,

तुझा तेरावा परवा झाला. लोक अजून भेटायला येतायत. मला नमस्कार करतात आणि नफिसाच्या गळ्यात पडतात. काल आपल्या सोसायटीतल्या चार बायका आल्या. दार मी उघडलं. त्या ‘काका, फार वाईट झालं’ असं म्हणाल्या आणि सरळ आत गेल्या, कारण आत नफिसा बसली होती. मग पाचही जणी मनसोक्त रडल्या. मी बाहेर त्यांच्या चपला ओळीत लावत राहिलो. नवरा मी आहे, हे कुणीतरी त्यांना सांगायला हवं होतं.

तर मी जळतो. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे आडपडदा नको. तुला ते माहीत होतंच. ‘अहो, नफिसा आली की तुमचा चेहरा लाइट बिल आल्यासारखा होतो,’ असं तू तिच्यासमोर म्हणायचीस आणि ती पदर तोंडाला लावून हसायची. मला हसू यायचं नाही. आता तू नाहीस तर जळणं कमी व्हायला हवं होतं. उलट ते वाढलंय, आणि बोलायला तू नाहीस.

आठव, ती आपल्या घरात शिरली कशी. ती तिसऱ्या मजल्यावर, आपण सातव्या. माहेर, सासर दोन्ही श्रीवर्धनकडचं. नवरा-बायको मिळून पनवेलला टाइल्स आणि बाथरूमच्या सामानाचं दुकान चालवतात. तुझ्या संधिवाताने तेव्हा गुडघे पार धरले होते, बोटं वाकडी झाली होती. घरात वॉकर आणि बाहेर व्हीलचेअर असं चाललं होतं. मी तुला बिल्डिंगच्या रॅम्पवरून खाली नेत होतो, पाठ मागे टाकून, दात-ओठ खात. ती समोरून आली, उभी राहिली आणि म्हणाली, "हा रॅम्प नाय, घसरगुंडी हाय." पुढच्या मीटिंगमध्ये तिने कमिटीशी असं काही भांडण काढलं की महिन्याभरात रॅम्प फोडून नवा झाला. त्यासाठी मी दोन वर्षं अर्ज करत होतो. नव्या रॅम्पवरून पहिल्यांदा उतरताना तू माझ्याकडे मान वळवून फक्त ‘बघा’ म्हणालीस. तो ‘बघा’ मला अजून टोचतो.

ती तुला वसुबाय म्हणायला लागली आणि तू तिला ‘अगं’. मी तुझा जन्मभर ‘अहो’च राहिलो. आपल्या घरातली रीतच ती, माझी तक्रार नव्हती. पण तू तिला ‘चल गं, गप्प बस’ म्हणायचीस ना, तेव्हा वाटायचं, मला कधी कुणी असं गप्प बसवलंच नाही.

आणि मग ते समुद्राचं. तुला समुद्र बघायचा नव्हता. बघायला पाम बीच रोडवरून खाडी दिसते, असं मी म्हटलं असतं, आणि तू ते जाणून होतीस. तुला समुद्रात बसायचं होतं. पाण्यात, वाळूवर, लाट छातीपर्यंत येईल असं. हे तू मला सांगितलं नाहीस. मला ते कळलं लिफ्टमध्ये. नफिसाच्या हातात भाजीची पिशवी होती. ती म्हणाली, "भाऊ, वसुबायला दर्यात बसवायची हाय ना, मंग कधी निघायचं?" मी इतकी वर्षं तुझ्या शेजारी झोपतो, आणि तुझ्या मनातली गोष्ट मला कोथिंबिरीच्या जुडीबरोबर समजते.

घरी येऊन मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? तू म्हणालीस, "तुम्ही ‘नको’ आधी म्हणता आणि प्रश्न नंतर ऐकता." हे अर्धसत्य आहे. माझी सगळी नोकरी रबाळ्याच्या कारखान्यात तपासणी खात्यात गेली. माल बाहेर जाण्याआधी त्यात काय बिघडू शकतं ते शोधणं हेच माझं काम. घरी आल्यावर डोकं बदलून ठेवायला खुंटी नव्हती. आणि मी ‘नको’ म्हटलं म्हणूनच तू कधी पडली नाहीस, हेही कधीतरी कुणी बोलायला हवं होतं. हा आपला वाद अर्धाच राहिला आणि त्यातला माझा मुद्दा मला आजही बरोबर वाटतो.

तरीही कामाला मीच लागलो. दिवेआगर, श्रीवर्धन, मुरूड, एकेका ठिकाणी फोन लावले. व्हीलचेअर आत जाते का विचारलं की सगळीकडे एकच उत्तर, "हो सर, आरामात." मग खोदून विचारलं की कळायचं, तीन पायऱ्या आहेत, पण आमची पोरं उचलतात. हे मी तुला सांगितल्यावर तू म्हणालीस, "मी काय गोणी आहे?" हरिहरेश्वरची प्रदक्षिणा पायऱ्यांची, ती बाद. जंजिरा बाद, शिडाच्या होडीत चढायचं तर उडी मारावी लागते, आणि किल्ल्याच्या दरवाजाशी पुन्हा तीच कसरत. संध्याकाळपर्यंत माझ्याकडे न जाण्याच्या जागांची चांगली जंत्री तयार झाली होती.

नफिसाने एकच फोन केला, तिच्या मावसभावाला. त्याची दिवेआगरला सुपारीच्या वाडीत चार खोल्यांची घरगुती राहण्याची सोय आहे. ती त्याला व्हीलचेअरचं काही विचारतच नव्हती. संडासाचं भांडं बेसिनच्या कुठल्या अंगाला आहे, किती उंच आहे, फरशी गुळगुळीत की खरखरीत, दार आत उघडतं की बाहेर, हे असलं सगळं. दुकानदारीण ती. दार आत उघडत होतं, म्हणजे खुर्ची आत गेली की दार लागणार नाही. "मंग दारच काढून टाक रे," ती फोनवर म्हणाली. आपण जायच्या आधी तिने दुकानातून धरायचे दांडे आणि एक पडदा पाठवून दिला. निळा पडदा, त्यावर हे एवढाले मासे. तू तो पडदा बघून इतकी हसलीस की तुला ठसका लागला. मी काही आणलं तर तू ‘छान आहे’ म्हणायचीस.

तारीखही माझी राहिली नाही. मी शोधून काढलेले दिवस उत्तम होते, आठवड्याच्या मधले, शाळांच्या परीक्षांचे, गर्दी नावाला नाही. नफिसाने भिंतीवरचं कालनिर्णय बघितलं आणि म्हणाली, "अष्टमीला कोन जातो दर्यावर?" मग तुला शिकवायला बसली. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला भरती सहाला, म्हणजे ओहोटी भर दुपारी, डोक्यावर ऊन. त्यातून भांगाचे दिवस, पाणी धड आत जात नाही, धड बाहेर येत नाही. पौर्णिमेला भरती सव्वाअकराच्या सुमाराला, ओहोटी संध्याकाळी, पाणी लांबवर आत गेलेलं आणि मागे राहिलेली ओली वाळू फरशीसारखी घट्ट. तिच्यावर खुर्ची चालेल. तू लहान मुलीसारखी पाढे म्हणत होतीस, एकादशी सव्वाआठ, द्वादशी नऊ. मला पाऊणकी पाठ आहे. मला कुणी विचारलं नाही.

आता माझ्याही नावावर काही असू दे. खुर्ची वाळूत सरळ ढकलायची नाही, उलटी ओढायची, कारण पुढची छोटी चाकं रुततात. ही युक्ती माझी. समोरच्या बांधकामाच्या वाळूच्या ढिगावर रिकामी खुर्ची ओढून मी ती शोधली आणि वॉचमनला वाटलं, काका वाळू चोरतायत. गाडीत चढवायचा दुमडता रॅम्पही माझाच, रबाळ्याच्या ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून ॲल्युमिनियमचा करून घेतलेला. सराव म्हणून आपण तिघं दिवाळे गावच्या कोळ्यांच्या जेट्टीवर गेलो होतो. मी रॅम्प खाली टाकला तो असा दणाणला की मासळी विकणारी बाई पाटी सोडून उठली. "ओ काका, पलंग आनलाव काय?" तिने विचारलं. नफिसा आणि ती कोळीण लगेच एक झाल्या, आणि तू खुर्चीत बसून त्या दोघींना माझ्या रॅम्पचे गुण सांगायला लागलीस. त्या दिवशी उतारावरून तुला पाण्याच्या कडेपर्यंत मीच नेलं होतं. होड्या वर ओढलेल्या होत्या, सुकटीचा वास होता, तू वर बघून म्हणालीस, "जमतंय की." तो एक दिवस माझा होता. तेवढ्यात नफिसाने तुझ्या मांडीवर ओल्या बोंबलांची पिशवी ठेवली आणि घरी येईपर्यंत तू ते कसे करायचे याबद्दलच बोलत होतीस.

निघालो तेव्हा मी म्हणत होतो माणगाववरून जाऊ, रस्ता सोपा. नफिसा म्हणाली, मुरूडवरून, आगरदांड्याला गाडी बोटीवर चढवायची आणि दिघीला उतरायची. "तिला किल्ला बघायचा हाय, आनि खाली उतरायची गरजच नाय." खरंच होतं ते. बोट सुरू झाली तशी तिने तुझ्या बाजूचं दार सताड उघडलं. तू गाडीत बसल्याबसल्या सगळी खाडी बघितलीस, लांबवर जंजिरा बघितलास. ती दाराला टेकून उभी होती आणि बोटाने दाखवत होती. मी तुझ्या दुसऱ्या बाजूला होतो. माझ्याकडे एक ट्रक लागला होता. मी त्याचं टायर बघत दिघीपर्यंत आलो.

पण श्रीवर्धनचा रस्ता मी विसरणार नाही, वसू. किनाऱ्यालगतचा तो सपाट रस्ता. नफिसा नातेवाइकांकडे गेली होती आणि मी तुला या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं. तू मध्येच हात मागे आणून माझ्या हातावर ठेवलास. ती वाकडी बोटं. मला कृतज्ञता वाटली, तुझ्याबद्दल आणि, लिहितो बाबा, नफिसाबद्दलही, कारण तिच्यावाचून आपण तिथे पोचलोच नसतो. ती परत आल्यावर ही भावना फार टिकली नाही.

आणि मग पौर्णिमेची संध्याकाळ. पाणी लांब गेलं होतं. सुरूच्या झाडांपासून मी खुर्ची उलटी ओढत नेली. कोरड्या वाळूत माझा जीव निघाला, ओल्या वाळूवर ती आपोआप चालल्यासारखी आली. पाण्याच्या कडेला थांबलो. मी म्हटलं, खारं पाणी बेअरिंगला लागलं की खुर्ची गेली. तू म्हणालीस, "बरोबर आहे. तुम्ही खुर्ची सांभाळा." आणि नफिसाला म्हणालीस, "चल गं."

मी म्हटलं ते खुर्चीबद्दल होतं. मी येणार नाही असं मी म्हटलं नव्हतं. पँट वर दुमडायला मी वाकलो होतो, तोवर नफिसा आणि तिची भावजय, त्या मावसभावाची बायको, तुला प्लास्टिकच्या खुर्चीत घेऊन पाण्यात निघाल्या होत्या.

गुडघाभर पाण्यात त्यांनी तुला उतरवलं. भावजय मोकळी खुर्ची घेऊन परत आली. नफिसा तुझ्यामागे सगळ्या कपड्यांनिशी पाण्यात बसली, पाय पसरून, आणि तुला तिने स्वतःला टेकवून घेतलं. तुझ्या पाठीला आधार तिचा. पहिली लाट आली आणि तू किंचाळलीस. नंतर तू तिला काहीतरी म्हणालीस. बराच वेळ बोलत होतीस. ती मान वाकवून ऐकत होती. मग ती मान वळवून माझ्याकडे बघायला लागली, तूही बघितलंस, आणि दोघी अशा हसलात की तुझे खांदे लांबून हलताना दिसत होते. हसता हसता तू डोळे पुसलेस. समुद्रात बसलेलं माणूस डोळे पुसतं तेव्हा ते पाणी कसलं हे किनाऱ्यावरून कळत नाही. मी रिकाम्या खुर्चीला ब्रेक लावून, दोन्ही हातांनी धरून उभा होतो.

काय म्हणालीस तिला? खोलीवर मी मगाने तुझ्या पायांवरची वाळू धुवत होतो तेव्हा विचारलं. तू म्हणालीस, "पाणी जरा कोमट करा आधी." परतताना गाडीत विचारलं तर तू डोळे मिटून घेतलेस. घरी आल्यावर पुन्हा विचारलं. तेव्हा तू चिडलीस. "प्रत्येक गोष्ट तुम्हाला तपासून का घ्यायची असते? एक गोष्ट अशीच जाऊ द्या ना." मग मी रुसलो आणि तू मला रुसू दिलंस. नंतर तुझा ताप सुरू झाला, छातीत कफ झाला, दवाखाना झाला. त्या दिवसांत असले प्रश्न विचारायचे नसतात. मी तुला औषधाच्या वेळा विचारत राहिलो. तू गेलीस आणि ते वाक्य आता जगात एकाच माणसाकडे आहे. ते माणूस रोज माझ्यासाठी डबा घेऊन येतं.

काल त्या बायका गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो. तिने कपबशा विसळल्या, डबा पुसून घेतला. मी मनाशी पक्कं केलं होतं. म्हटलं, "नफिसा, त्या दिवशी पाण्यात वसू तुम्हाला काय म्हणाली?"

तिने हातातला डबा खाली ठेवला. "तुमच्या अजून डोक्यात हाय ते?"

"हो."

"मी नाय सांगनार भाऊ." ती खुर्चीत बसली. "राग मानू नका. सगलं तुमचंच हाय. घर तुमचं, फोटो तुमचे, एवढी वर्सं तुमची. माझ्याकडं तेवढंच एक हाय. ते मी नाय देनार."

मला राग आला, वसू. खरा राग. मी म्हटलं, "ती माझी बायको होती."

"हो ना," ती म्हणाली. "आनि माझी कोन होती? बायका येतात, माझ्या गळ्यात पडतात, पन तेराव्याला मी कुठं बसायचं ते मला कोनी सांगितलं नाय. मी मागं भिंतीला लागून उभी होते. तुमी बघितलं पन नसेल."

मी बघितलं नव्हतं. मी त्या दिवशी गुरुजींच्या समोर होतो आणि मला वाटत होतं, ती कुठेतरी सगळ्यांच्या मधोमध बसली असेल.

"आनि एक सांगू? मी पन जललेय तुमच्यावर. लई. सात वाजत आले की ती मला घालवायची. किती पन गप्पा रंगू देत. ‘जा आता, यांची वेळ झाली.’ एकदा मी म्हटलं, अगं बसते की, मला कुठं घाई हाय. तर सरळ म्हनाली, नाही, सातनंतर घर आमचं. काय करायचाव तुमी सातनंतर?"

मला हे ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं मला वाटायचं, तिला मगरिबच्या, म्हणजे तिन्हीसांजेच्या नमाजाची घाई असते. ती उठली की बरं वाटायचं, पण ती आपली आपण उठते असं मी धरून चाललो होतो. तू तिला उठवत होतीस. रोज. माझ्यासाठी. आणि आपण काय करायचो, तर गॅलरीतला दिवा बंद करायचो, तुझे पाय माझ्या मांडीवर, वाटीत कोमट तेल, आणि समोरच्या विंगमधली उजेडातली स्वयंपाकघरं बघत बसायचं. कुणाची पोळी करपली, कोण कुणावर डाफरलं, कुणाकडे आज पाहुणे. दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं त्यात काहीएक नाही. तू मला हे एकदाही सांगितलं नाहीस, की त्या वेळेला तू कडी लावून ठेवली होतीस.

नफिसा उत्तराची वाट बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी चांगलं ओळखतो, कारण तो चेहरा मी बरीच वर्षं घालून फिरलोय.

"तेही माझ्याकडे राहू द्या," मी म्हटलं.

तिने मान हलवली. भांडली नाही. मला अचानक वाटलं, ती गेली की घरात तुझं नाव घेणारं कुणी उरणार नाही. म्हणून मी तिला आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो, "बसा ना अजून. चहा टाकतो."

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि डबा उचलला.

"नको भाऊ. सात वाजत आले. तिनं सांगून ठेवलंय."

तिने चपला घातल्या आणि ती गेली. मी दार आतून लावून घेतलं.